घरझडती आणि घटनेतून गळालेलं कलम

सिनेमे बघून आपल्या डोक्यात एक पक्कं बसलंय: वॉरंट नसेल तर पोलिसाला उंबरठ्याबाहेरूनच परत पाठवता येतं. प्रत्यक्षात वॉरंट आणेपर्यंत वस्तू गायब होईल असं तपास अधिकाऱ्याला सकारण वाटलं, तर केस डायरीत कारणं लिहून तो थेट झडती घेऊ शकतो. पूर्वी हे सीआरपीसीच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) कलम १६५ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १८५ मध्ये आहे. म्हणजे साधा कायदा, संसदेला वाटेल तेव्हा बदलता येणारा. घटनेत घरझडतीबद्दल एक ओळसुद्धा नाही.

अनवधानानं राहिलं म्हणावं तर तसंही नाही. मार्च १९४७ मधल्या आपल्या निवेदनात बाबासाहेबांनी हे संरक्षण स्पष्ट शब्दांत मागितलं होतं: माणूस, त्याचं घर, कागदपत्रं, चीजवस्तू यांची अवाजवी झडती होऊ नये आणि सबळ कारणाशिवाय वॉरंट निघू नये. घटना समितीतल्या अल्लादी कृष्णस्वामी अय्यर वगैरे मंडळींना ते इथं झेपणार नाही असं वाटलं आणि कलम मसुद्यातून गेलं. ३ डिसेंबर १९४८ ला मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तीच मागणी दुरुस्ती म्हणून पुन्हा मांडली. त्यावर बाबासाहेबांचं म्हणणं असं की हे सगळं सीआरपीसीत आहेच, पण उद्याचं एखादं विधिमंडळ ते काढून टाकू शकतं, म्हणून ते घटनेत, त्याच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवलेलं बरं. मसुदा समितीचा अध्यक्ष सभागृहात दुरुस्ती स्वीकारायला तयार होता! तरी मतदान पुढं ढकललं गेलं आणि शेवटी ती नामंजूर झाली.

याची किंमत १९५४ मध्ये कळली. दालमिया-जैन प्रकरणात ३४ ठिकाणी छापे पडले होते. एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायमूर्तींनी सांगितलं की घटनाकारांनीच असं कलम ठेवलं नाही, तर आम्ही ते मागच्या दारानं कसं आणू? पुढं खडकसिंगच्या खटल्यात रात्री-अपरात्री दार ठोठावणारे पोलीस कोर्टानं थांबवले, पण खासगीपणाचा हक्क मात्र नाकारला. तो मिळायला २४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी निकाल यावा लागला.

मग आता प्रश्न मिटला का? माझ्या मते खरी गोम पुढंच आहे. झडती बेकायदा ठरली तर पोलिसांचं बिघडतं काय? जवळपास काही नाही. पूरणमल खटल्यात (१९७३) सुप्रीम कोर्टानं ठरवलं की झडती बेकायदा असली तरी तेवढ्यानं पुरावा बाद होत नाही. मुंबईतल्या सोन्याच्या प्रकरणात, नटवरलाल सोनी खटल्यातही तेच: झडती चुकीची असेल, पण जप्ती कायम. आणि राधाकिशन नावाच्या पोस्टमनच्या खटल्यात तर कोर्ट म्हणालं की बेकायदा झडतीला घरमालक विरोध करू शकतो. आता रात्री अकराला दारात चार वर्दीवाले उभे असताना कोण कलम काढून वाद घालणार, सांगा. घातलाच तर सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा वेगळा.

पंचांचंही तसंच. कायदा म्हणतो, परिसरातले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित लोक. प्रत्यक्षात बऱ्याचदा ठाण्याच्या ओळखीचे 'नेहमीचे' पंच, आणि पंचनाम्यांची भाषा अशी एकसारखी की फक्त नाव-पत्ता बदलावा.

यावर ठरलेला आक्षेप येतो की हवालदाराच्या एका चुकीपायी गुन्हेगार सोडायचा का? किरकोळ चुकीसाठी नको, मान्य. पण कारणं न लिहिता, मुद्दाम नियम धाब्यावर बसवून घर उलथंपालथं केलं असेल, तर तो मुद्देमाल पुराव्यात येताच कामा नये. फायदा मिळतोय तोवर नियम कोण पाळेल? २०१७ नंतर पूरणमलचा मोठ्या घटनापीठानं फेरविचार करायला हवा, असं मला ठाम वाटतं.

नव्या संहितेतली एक गोष्ट मात्र कामाची आहे. झडतीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग आता सक्तीचं आहे आणि कलम १८५ खालच्या झडतीची लेखी नोंद ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे गेली पाहिजे. अर्ज केला की तिची प्रत घरमालकाला फुकट मिळते. झडती चालू असताना घरातल्या माणसाला तिथं हजर राहता येतं, जप्तीच्या यादीची सही केलेली प्रतही मागता येते. कुणावर वेळ आलीच तर आवाज न चढवता आधी ती यादी मागा आणि दुसऱ्याच दिवशी वकिलाकरवी अर्ज टाका.