आधी मान खाली घालायला लावायची, मग फुकटे म्हणायचं

आज सकाळी शाळेच्या ग्रुपवर एकाने टाकलं, "आपल्या टॅक्सवर या फुकट्यांना अजून किती वर्षं पोसायचं?" आणि खाली लागोपाठ अंगठे. टाकणारा वाईट माणूस नाही, अडीनडीला धावून येणारा आहे, म्हणूनच जास्त लागलं. तिथे उत्तर टाइप केलं, खोडलं, आता इथे लिहितेय.

बाबा गेल्यावर आईने विधवा पेन्शनचा अर्ज केला होता. मी कॉलेजात होते, तिच्यासोबत गेले. खिडकीमागच्या माणसाने अर्जातला एकेक रकाना मोठ्याने वाचायला घेतला. नवरा कशाने गेला, मागे काय ठेवलंय, भाऊ बघत नाहीत का, घरात टीव्ही आहे का. मागे ही एवढी रांग, सगळ्यांचे कान आमच्याकडे. आई हळू बोलत होती तर म्हणतो, "मोठ्याने बोला की, इथे काय चोरी करायला आलाय?" आईने मिळालेली पावती घडी घालत घालत एवढीशी केली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात कोंबली. पैसे सुरू झाले तरी सख्ख्या मावशीला कधी सांगितलं नाही तिने.

आता गंमत नाही, गंभीरपणे विचार करा. हीच माझी आई आम्हाला लस टोचायला सरकारी दवाखान्यात न्यायची तेव्हा ताठ मानेने जायची. तिथे बंगल्यातली बाई आणि तिच्याच घरी धुणंभांडी करणारी बाई एकाच बाकावर, मांडीवर रडकी पोरं घेऊन. ऐपत कुणी विचारली नाही. तेही फुकटच होतं की! त्याला कुणी फुकटेगिरी म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. बाई तीच, सरकार तेच, पैसा टॅक्सचाच, मग एका ठिकाणी लाज आणि दुसऱ्या ठिकाणी हक्क हे कुठून आलं? माझं म्हणणं आहे की ते योजनेतूनच आलं. आपल्याला वाटतं लोकांच्या मनात गरिबाबद्दल अढी असते म्हणून योजना तशा होतात. उलट आहे. योजना जशी बांधाल तशी लोकांची नजर तयार होते, आणि मग त्याच नजरेचा हवाला देऊन योजनेला कात्री लावता येते.

हे काही नवीन नाही. इंग्लंडमध्ये १८३४ च्या कायद्याने ठरवूनच टाकलं होतं की मदत मागणाऱ्याची अवस्था सगळ्यात गरीब मजुरापेक्षाही वाईट दिसली पाहिजे, म्हणजे कुणी मागायला येणार नाही. वर्कहाउसमध्ये, म्हणजे मदत मागणाऱ्या गरिबांना ठेवून काम करून घ्यायच्या जागेत, नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, पोरं तिसरीकडे. मदत घेतली की मताचा हक्कही जायचा, १९१८ पर्यंत. म्हणजे लाज आपोआप नाही आली, कायद्यात लिहून आणली. मग त्याच देशात १९०८ साली सत्तरीपुढच्या म्हाताऱ्यांसाठी पेन्शनचा कायदा झाला आणि पैसे द्यायचे ठरले पोस्टाच्या खिडकीवर, गरिबांच्या मदतीच्या ऑफिसात नाही. उत्पन्नाची अट होतीच, पण जी खिडकी सगळ्या गावाची तिथे उभं राहायला कुणाला लाज वाटत नाही. आईची पेन्शन अशी पोस्टात मिळाली असती तर मावशीला कळली असती.

फिनलंडमध्ये बाळंतिणींना कपडे, पांघरूण वगैरे भरलेला खोका सरकार देतं. १९३८ मध्ये सुरू झाला तेव्हा फक्त गरीब आयांना. १९४९ पासून सगळ्यांना, अट एवढीच की चौथा महिना संपायच्या आत तपासणी करून घ्यायची. आज तिथे तो खोका घरात असणं ही आनंदाची गोष्ट आहे. गरिबीचा शिक्का पुसायला वेगळं प्रबोधन करत बसावं लागलं नाही, शेजारणीलाही तोच खोका मिळाला, संपलं.

आणि अमेरिका बघा. १९३५ च्या एकाच कायद्यात दोन गोष्टी होत्या, म्हातारपणची पेन्शन आणि एकट्या गरीब आयांच्या पोरांसाठी मदत. पहिलीला पगारातून कापून घेतलेले पैसे, म्हणून ती "आमची". तिला हात लावायला आजही नेते घाबरतात. दुसरी "त्यांची". ती १९९६ मध्ये मोडीत काढली. एकाच कायद्याची दोन लेकरं! ज्या योजनेत मध्यमवर्गाचा जीव अडकलेला असतो ती टिकते, आणि नुसत्या गरिबाची योजना गरिबासारखीच कुणीही ढकलून देतं.

बरं, लबाडी करणारे असतात, मान्य. सगळ्यांना द्यायचं तर टॅक्सही जास्त लागतो, तेही मान्य. काम टाळून मदत घेणं सर्रास झालं तर त्याची लाज उरत नाही, ही भीतीही अगदीच खोटी नाही. पण लबाड शोधायच्या नादात काय होतं ते नेदरलँड्समध्ये दिसलं. पाळणाघराचा भत्ता घेणाऱ्या हजारो आईबापांना एखादी सही राहिली, एखादा कागद कमी पडला म्हणून चोर ठरवलं, सगळी रक्कम परत मागितली, घरंच्या घरं कर्जात बुडाली. शेवटी जानेवारी २०२१ मध्ये अख्ख्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. त्या घरांचं काय ते विचारूच नका. तो खिडकीवरचा माणूस "चोरी करायला आलाय का" म्हणाला तेव्हा मला वाटलं होतं याचा स्वभाव खराब. आता वाटतं बिचाऱ्याला दिवसभर तेवढंच काम दिलेलं होतं, समोरच्यावर संशय घ्यायचं. अशा खुर्चीत कुणीही बसवा, महिन्याभरात तसाच बोलायला लागेल.

आमच्या ग्रुपवरच्या त्या मित्राचे वडील रिटायर्ड आहेत, पेन्शन येते, त्यांच्या घरी त्याचा उल्लेख अभिमानाने होतो आणि व्हायलाच हवा, आयुष्यभर राबलेत. माझी आईही राबलीच होती, घरात. फक्त तिची पगाराची स्लिप कधी निघाली नाही.

मला भाषणं नकोत, दोनच गोष्टी हव्यात. रिटायर झालेल्याची पेन्शन आणि विधवेची पेन्शन एकाच काउंटरवर, एकाच रांगेत द्या. आणि अर्जातली माहिती चारचौघांत वाचून दाखवणं आजच्या आज बंद करा, त्याला तर एक रुपयाही लागत नाही. पैसे कुठून आणायचे यावर कमेंटमध्ये खुशाल भांडा, उत्तर देईन. कुणाची लायकी काढणारी कमेंट मात्र डिलीट करणार, आधीच सांगून ठेवते.