पडलो, पाडलं आणि अंडं घातलं

इंग्रजीत नाम चुकलं तर फार तर लोक हसतात. क्रियापद चुकलं की थेट कबुलीजबाबच होतो. आजारपणाच्या रजेचा ईमेल लिहायला बसा, म्हणजे कळेल. "काल दिवसभर अंथरुणात पडून होतो" एवढंच साहेबांना कळवायचं असतं. पण पडून राहायचं ते 'लाय', त्याचा भूतकाळ 'ले', पुढे 'लेन'. काहीतरी ठेवायचं ते वेगळं 'ले', त्याचा भूतकाळ 'लेड'. आणि खोटं बोलायचं तेही 'लाय'च, त्याचं 'लाइड'.

आता 'लाइड' लिहावं, तर दिवसभर अंथरुणात खोटं बोललो असं मीच लेखी देतो. (साहेबांना तोच संशय असतो, ते सोडा.) 'लेड' लिहावं, तर काय ठेवलं ते सांगावं लागतं, न सांगितलं तर सोय फक्त कोंबडीची, कारण अंडं घालण्याचं क्रियापदही तेच. बरोबर उत्तर 'ले'. पण ते दुसऱ्याच क्रियापदाच्या वर्तमानकाळासारखं दिसतं, त्यामुळे बरोबर लिहिलेलंच वाचताना चुकीचं वाटतं. म्हणून मी 'अनवेल' होतो. माझ्या इंग्रजी आयुष्यात मी कधी कुठे पडून राहत नाही, मी सरसकट 'रेस्ट' घेतो.

राग येतो तो याचा, की ही भानगड मुळात आपल्याला परकी नाही. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, पिणे-पाजणे हे आपण शेंबडे असल्यापासून न चुकता बोलतो. जुन्या इंग्रजीतही असंच होतं. क्रियापदाला एक शेपूट जोडलं की स्वतः करण्याचं दुसऱ्याकडून करवणं व्हायचं. त्या शेपटाने आधीचा स्वर बदलला आणि मग ते स्वतः गळून पडलं. मागे उरल्या 'सिट-सेट', 'लाय-ले' अशा जोड्या. 'ड्रिंक'चं 'ड्रेंच' म्हणजे तर चक्क पाजणंच. आता त्याचा अर्थ चिंब भिजवणं झालाय. 'राइज'शेजारचं 'रेझ' मात्र नॉर्स लोकांकडून, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या वायकिंगांकडून आलंय. घरात गोंधळ कमी होता म्हणून बाहेरून मागवला.

बरं, ज्यांची भाषा त्यांना तरी जमतं का? लॉर्ड बायरनने 1818 साली छापलेल्या कवितेत, माणसाला जमिनीवर 'पडू दे' म्हणताना सरळ 'ले' लिहून टाकलं. वरच्या ओळीत 'बे' होतं, यमक जुळवायचं होतं. टीकाकारांनी नाकं मुरडली, पण बायरन बायरनच राहिला. मी रजेच्या ईमेलमध्ये यमक जुळवून पाहायला तयार आहे, पण साहेबांचा काव्याशी संबंध नाही.

'बॉरो' आणि 'लेंड'चं फारसं काही नाही. उसनं घेणारा विसरतो आणि देणारा लक्षात ठेवतो, एवढ्यावर भागतं. 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' मात्र डांबरट. परिणाम करणं म्हणजे 'अफेक्ट' हे घोकून पाठ करावं, तर कळतं की 'इफेक्ट' हेही क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ घडवून आणणं. हल्ली जो तो प्रत्येक वाक्यात 'इम्पॅक्ट' म्हणतो, त्यामागे ही भीतीच आहे असा माझा पक्का संशय आहे.

पण खरे बिलंदर ते, जे दुसऱ्याच्या भूतकाळात जाऊन राहतात. 'फाइंड'चा भूतकाळ 'फाउंड', आणि स्थापन करायचं तेही 'फाउंड'. त्याचा भूतकाळ 'फाउंडेड'. शेवटचे दोन अक्षरांचे कष्ट कुणी वाचवले, की कंपनी अमुक साली स्थापन न होता सापडते. कुणाला, कुठे, आधी हरवली कशी, काही खुलासा नसतो. 'फॉल'चा भूतकाळ 'फेल', आणि झाड पाडायचं तेही 'फेल'. 'सी'चा 'सॉ', आणि करवतीने कापायचं तेही 'सॉ'. त्यामुळे इंग्रजीत झाड नुसतं पाहून आलो असं सांगायचं झालं, तरी मी आधी आजूबाजूला वनखात्याचं कुणी नाही ना, हे बघून घेतो.