‘लक्ष ठेवा’ असा कागद चिकटवून रुग्ण सुरक्षित होत नाही

ग्रामीण रुग्णालयात म्हातारा पलंगावरून पडला, बाळाला भलतंच औषध गेलं, सलाईनचा हात सुजून काळा पडला, की पुढचं सगळं ठरलेलं असतं. ड्युटीवरच्या सिस्टरला कारणे दाखवा नोटीस निघते आणि भिंतीवर नवा कागद लागतो, ‘रुग्णांकडे काटेकोर लक्ष द्यावे’. त्या कागदाने आजवर एकही इजा टळलेली नाही, असं मी ठामपणे म्हणतो. 30 खाटांचा दवाखाना, रात्रपाळीला बहुतेक ठिकाणी एक सिस्टर आणि एक मावशी, आणि त्याच वेळी लेबर रूममध्ये बाई कळा देत असते. एका माणसाने कुठे कुठे लक्ष ठेवायचं? इजा टाळायची तर चूक करणंच अवघड जाईल अशी मांडणी लागते. ट्रे कुठे, दिवा कुठे, गोळी किती वाजता, सिरिंजवर काय लिहिलंय, सगळं त्यात आलं.

31 जानेवारी 2021 ला यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात 12 लहान मुलांना पोलिओच्या डोसाऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलं बरी झाली, कर्मचाऱ्यांवर कारवाईही झाली. पण कारवाईने पुढच्या बूथवरचं टेबल बदलत नाही. तोंडात जाणारी आणि हाताला चोळायची बाटली एका टेबलावर येताच कामा नये. सॅनिटायझर मागच्या स्टुलावर असू द्या, उठून जावं लागलं तरी चालेल. दुसरं, प्रत्येक बाळाच्या आधी व्हायलवरचा व्हीव्हीएम, म्हणजे लस उष्णतेने खराब झाली का ते दाखवणारं चिन्ह, बघा. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तरच लस चालते. लस चांगली आहे का हे त्यातून कळतंच, शिवाय ते चिन्ह शोधताना हातात नेमकी कोणती बाटली आहे हेही डोळ्यांना बघावंच लागतं. सॅनिटायझरवर ते चिन्ह नसतं.

लेबर रूममध्ये हाच धोका जास्त वाईट रूपात असतो. बाळ बाहेर आल्यावर मिनिटभरात आईला मांडीत ऑक्सिटोसिन 10 युनिट द्यायचं असतं आणि बाळाला व्हिटॅमिन के 1 मिलिग्रॅम, बाळ एक किलोच्या आत असेल तर अर्धा. दोन्ही औषधं छोट्या अँप्यूलमध्ये येतात. घाई नको म्हणून दोन्ही सिरिंज आधीच भरून एकाच ट्रेमध्ये ठेवल्या जातात, आणि घात तिथेच होतो. आईचा रक्तस्राव थांबवायला ठेवलेली एर्गोमेट्रिन नवजात बाळाला गेली तर झटके येतात, श्वास बंद पडतो. जगभर हे घडलेलं आहे आणि कारण बहुतेक वेळा तेच, बिननावाच्या दोन सिरिंज शेजारी शेजारी. यावर उपाय म्हणून आईचा ट्रे आईच्या टेबलाकडे आणि बाळाचा वॉर्मरकडे, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या मशीनकडे हवा. आईला 2 मिलीची सिरिंज, बाळाला 1 मिलीची. चिकटपट्टीच्या तुकड्यावर पेनाने औषध आणि डोस लिहून सिरिंजला लावायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाळाचं व्हिटॅमिन के भरायचंच नाही, आईचं इंजेक्शन देऊन ती सिरिंज फेकून होईपर्यंत. त्याला एवढी घाई नसते. बाळ तासभर आईच्या छातीशी राहिल्यावर दिलं तरी चालतं.

बीपी वाढून झटके आलेल्या बाईला रेफर करण्याआधी मॅग्नेशियम सल्फेट देताना हिशेब चुकतो. 50 टक्क्यांची 2 मिलीची अँप्यूल म्हणजे 1 ग्रॅम. दोन्ही कुल्ल्यांत खोल 5-5 ग्रॅम, म्हणजे 10 अँप्यूल लागतात. शिरेतून 4 ग्रॅम द्यायचं असेल तर 4 अँप्यूलचं 8 मिली औषध आणि 12 मिली डिस्टिल्ड वॉटर मिळून 20 मिली करायचं आणि निदान 5 मिनिटं घेऊन सावकाश द्यायचं. न पातळ करता शिरेत कधीच नाही. पुढचा डोस देण्याआधी तीन गोष्टी तपासायच्या. श्वास मिनिटाला 16 च्या खाली नाही ना, गुडघ्यावर हातोडी मारली की पाय हलतो ना, लघवी तासाला 30 मिली तरी होतेय ना. यातली एक जरी गोष्ट चुकली तर डोस थांबवायचा. मॅग्नेशियम जास्त झालं तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची 10 मिलीची अँप्यूल त्याच ट्रेमध्ये, हाताशी. आणि रेफरच्या चिठ्ठीवर डोस आणि वेळ ठळक अक्षरात. गडचिरोलीत किंवा मेळघाटात 108 मध्ये तासन्‌तास जातात. पुढच्या दवाखान्याला वेळ कळली नाही तर एकतर डोस दोनदा जातो, नाहीतर जातच नाही.

वॉर्मरखालच्या बाळाचा त्वचेला लावायचा प्रोब निसटला की मशीनला वाटतं बाळ गार पडलंय, आणि हीटर पूर्ण जोराने सुरू होतो. बाळ भाजतं. म्हणून दर तासाला आकडा बघून भागत नाही, प्रोबला हात लावून बघावं लागतं. पोटावर उजव्या बाजूला नीट चिकटलाय का, चकाकती बाजू वर आहे का, बाळ पालथं करताना त्याच्याखाली तर दबला नाही ना. आणि नवजात कक्षातल्या विजेबद्दल बोलल्याशिवाय विदर्भात हा विषय सोडताच येत नाही. 9 जानेवारी 2021 ला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून 10 बाळं गेली. वायरिंग सिस्टरच्या हातात नाही, हे खरं. पण तिच्या हातात जेवढं आहे तेवढं दर पाळीच्या ओव्हरमध्ये, म्हणजे पाळी बदलताना एकीने दुसरीकडे वॉर्ड सोपवताना, झालंच पाहिजे. प्लगला हात लावून गरम लागतोय का बघणं, एका एक्स्टेन्शन बोर्डवर दोन वॉर्मर न जोडणं, स्पिरिट आणि सॅनिटायझर हीटरपासून लांब ठेवणं, ऑक्सिजनचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे आणि कोणत्या बाजूला फिरवून बंद होतो हे नव्या सिस्टरला दाखवणं, आणि बाहेर जायच्या दाराला कुलूप नाही याची खात्री.

मुलांच्या बाबतीत पहिलं काम वजन. अंदाजे नको, काट्यावर, आणि केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात किलोत. पॅरासिटामॉल एका वेळी किलोला 15 मिलिग्रॅम. बाजारात 5 मिलीला 125 आणि 5 मिलीला 250 अशी दोन्ही सिरपं असतात, आईला मात्र ‘एक चमचा’ एवढंच सांगितलं जातं. मिली सांगा आणि झाकणावरची खूण बोटाने दाखवा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात. घरी ते ग्लासभर पाण्यात कालवलं जातं, मूल खारट म्हणून थुंकतं, आणि जेवढं पोटात जातं त्याने रक्तातलं मीठ वाढतं. आईकडे लिटरची कोणती बाटली आहे ते विचारा आणि तिच्याकडूनच पहिलं पाकीट तुमच्यासमोर करून घ्या. झिंकची गोळी चमचाभर पाण्यात विरघळवूनच द्या. रडणाऱ्या मुलाच्या तोंडात अख्खी गोळी टाकली की ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

साप चावलेल्या मुलाला लहान आहे म्हणून प्रतिविष निम्मं देणं ही आपल्याकडची जुनी आणि जीवघेणी समजूत. सापाने विष मोजून सोडलेलं नसतं. मुलालाही मोठ्या माणसाएवढ्याच व्हायल लागतात. आणि 20 मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी बघायला सोपी, पण तिच्यात गफलत कशी होते बघा. काचेची नवी, कोरडी, स्वच्छ टेस्ट ट्यूब, त्यात 2 मिली ताजं रक्त, 20 मिनिटं न हलवता ठेवायची, मग एकदाच तिरपी करायची. ट्यूब साबणाने धुतलेली असली किंवा प्लास्टिकची असली तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि नको त्याला प्रतिविष जातं. दर पाच मिनिटांनी उचलून बघत राहिलं तरी निकाल बिघडतो. इमर्जन्सी ट्रेमध्ये दोन कोऱ्या काचेच्या ट्यूब कागदात गुंडाळून ठेवायच्या, दुसऱ्या कशाला वापरायच्या नाहीत. पहिली व्हायल सुरू करण्याआधी ॲड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून, लेबल लावून तयार हवं. रिॲक्शन आल्यावर अँप्यूल शोधत बसायला वेळ नसतो.

फवारणीच्या दिवसांत विषबाधेचे रुग्ण येतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते सगळ्यांना माहीत आहे. इथे इजा दोन ठिकाणी होते. एक, अंगावरचे कपडे काढून, केस आणि नखांसकट साबणाने धुतलं नाही तर विष कातडीतून जातच राहतं. काढलेले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. नातेवाइकाच्या हातात तसेच दिले तर बायको ते घरी हाताने धुते. दोन, विष उतरवायला दिलं जाणारं ॲट्रोपिन. 0.6 मिलिग्रॅमच्या अँप्यूल एकामागून एक जातात, छाती मोकळी होते, आणि मग त्याच वेगाने चालू राहिलं की माणूस बरळायला लागतो, सलाईन उपसतो, पलंगावरून उडी मारतो. त्याला दारू उतरल्याचा झटका समजून बांधून ठेवलेलं दिसतं. ताप चढला, पोटाचे आवाज बंद झाले आणि भ्रम सुरू झाला तर आधी डॉक्टरांना सांगून ॲट्रोपिन थांबवा. छाती, नाडी, काख कोरडी की ओली, बुबुळं, हे ओव्हरमध्ये सांगा. नुसतं ‘ॲट्रोपिन चालू आहे’ हा ओव्हर नव्हे.

आता म्हातारी माणसं. वॉर्डात पडण्याच्या घटना कधी होतात ते आठवा. रात्र, बाथरूमची वाट, आणि माणूस एकटा. सोबतचा पोरगा पलंगाखाली चादर टाकून गाढ झोपलेला. नंतर विचारलं तर आजोबा म्हणतात, ‘सिस्टरले कायले तरास द्यायचा.’ या भिडेपोटी किती खुबे मोडलेत. त्यामुळे ‘गरज पडली तर आवाज द्या’ असं सांगून उपयोग नाही. आपण होऊन न्यावं लागतं. झोपण्याआधी दहा वाजता एकदा, पहाटे चारच्या आसपास एकदा. लघवी जास्त करणारी गोळी दिवसातून दोनदा असेल तर दुसरा डोस दुपारी चारच्या आत देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. तीच गोळी रात्री आठला दिली की माणसाला अंधारात तीनदा उठावंच लागतं. हा एक बदल फुकट आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोठा आहे.

उठवताना आधी पलंगाच्या कडेला बसवायचं, पाय खाली, दोन मिनिटं. डोळ्यांपुढे अंधारी येते का विचारायचं, मगच उभं करायचं. बाळंतिणीलाही पहिल्यांदा बाथरूमला नेताना हेच. रक्त कमी असलेली बाई दारातच कोसळते. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर, घसरणारी रबरी चप्पल हे नजरेने तपासा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर एका डोळ्याला पट्टी असलेल्या माणसाला अंतर कळत नाही, त्याला पायरी दिसत असली तरी तिची खोली समजत नाही. पलंगाच्या चाकांचे ब्रेक लागत नसतील तर खाली विटेचे तुकडे न लावता तो पलंग बाजूला काढायला लावा. आणि भ्रमात असलेल्या माणसाच्या दोन्ही बाजूंचे कठडे वर करून आपण सुटलो असं समजू नका. तो कठड्यावर चढतो आणि आणखी उंचावरून पडतो. त्याचा पलंग सगळ्यात खाली करा किंवा गादी जमिनीवर घ्या, आणि जागा सिस्टरच्या टेबलासमोर.

पडलाच तर लगेच काखेत हात घालून उचलू नका. मानेत दुखतं का, डोकं आपटलं का, एक पाय आखूड होऊन बाहेर वळलाय का, ते आधी बघा. वळला असेल तर खुबा मोडलाय असं धरून चादरीवर चौघांनी उचलायचं.

औषध देताना ‘तुम्ही कमलाबाई ना?’ असं विचारू नका. ऐकू कमी येणारी आजी सगळ्यालाच मान हलवते. ‘तुमचं नाव काय, गाव कोणतं’ विचारा. एका वॉर्डात दोन कमलाबाई आपल्याकडे नेहमीच्याच. माडिया किंवा कोरकू बोलणारा रुग्ण असेल तर भाषा येणाऱ्या माणसासमोर विचारा. इन्सुलिनची 40 ची (मिलीला 40 युनिट) व्हायल आणि 100 ची (मिलीला 100 युनिट) सिरिंज, किंवा उलट, एका कपाटात ठेवू नका. 100 ची व्हायल 40 च्या सिरिंजने भरली तर डोस अडीचपट जातो आणि आजी पहाटे घामाघूम होऊन बेशुद्ध पडते. पोटॅशियमची 10 मिलीची अँप्यूल डिस्टिल्ड वॉटरसारखीच दिसते. तिला वेगळा डबा, लाल पट्टी.

मे महिन्यात विदर्भातला वॉर्ड कूलरवर चालतो. त्याची टाकी गळते, फरशी ओली होते, आणि बॉडीला करंट उतरतो. कूलर पलंगापासून हातभर नव्हे, त्याहून लांब हवा, अर्थिंग तपासलेलं हवं, आणि पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा, नुसतं बटण बंद करून नाही. त्याच उन्हाळ्यात लकवा झालेल्या माणसाच्या पाठीखालचं रेक्झिन घामाने भिजून कातडी सोलते. वर सुती चादर घाला, दोन तासांनी कूस बदला, टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली उशी द्या. लाल झालेल्या हाडावर चोळू नका, आतलं मांस आणखी तुटतं.

घडता घडता राहिलेली चूक लिहायला प्रत्येक वॉर्डात साधी वही हवी आणि तिच्यात नाव लिहायचं नाही. सिरिंजची अदलाबदल झाली होती, द्यायच्या आधी लक्षात आलं, एवढं लिहिलं तरी पुढच्या आठवड्यात ट्रे हलवता येतो. नोटिशीची भीती असेल तोवर ही वही कोरीच राहणार, हे वैद्यकीय अधीक्षकांनी समजून घ्यावं. त्याच वहीच्या मागच्या पानावर रात्रपाळीच्या सिस्टरने दोन वेळा लिहाव्यात. लेबर रूमसाठी वॉर्ड किती वाजता सोडला आणि किती वाजता परत आले. तेवढा वेळ वॉर्डात नर्स नव्हती. महिनाभराची ही पानं जोडून रुग्ण कल्याण समितीपुढे आणि जिल्हा शल्य चिकित्सकांकडे रात्रीच्या दुसऱ्या सिस्टरची मागणी करा, आणि सोबत बाथरूमच्या भिंतीला पकडायचा दांडा, वाटेवर रात्रभर चालणारा एक छोटा दिवा आणि अर्थिंगच्या तपासणीचा अर्जही जोडा.