‘मांजराला पाव गोळी द्या’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

गेले दोन आठवडे बिल्डिंगच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, आणि काल तर माझ्या मावशीकडूनही तोच मेसेज आला. “जनावरांचे डॉक्टर लुटतात. औषध माणसाचं काय नि कुत्र्या-मांजराचं काय, एकच असतं, फक्त वजन बघून गोळीचे भाग करा.” खाली सहा घरगुती उपाय. मी विक्रोळीत मेडिकलच्या काउंटरवर असतो, फार्मासिस्ट आहे, जनावरांचा डॉक्टर नाही. पण त्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या रोज माझ्याकडे येतात आणि आता हा मेसेज मोबाइलवर दाखवून गोळ्या मागणारेही यायला लागलेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

त्यात खरं काय आहे ते आधी. डॉक्सिसायक्लिन, अमॉक्सिसिलिन, प्रेडनिसोलोन ही औषधं माणसाला तीच आणि कुत्र्यालाही तीच, चिठ्ठीवर बऱ्याचदा माणसाच्याच ब्रँडचं नाव असतं आणि मी तीच स्ट्रिप देतो. म्हणून तर लोकांना मेसेज पटतो. पण गोळी तीच असली तरी पोटात गेल्यावर ती फोडून बाहेर टाकणारं लिव्हर तेच नसतं. गोळीचे तुकडे केले की डोस लहान होतो, लिव्हर बदलत नाही.

पहिला मुद्दा: “कान गरम, नाक कोरडं म्हणजे ताप. पॅरासिटामॉल द्या, कुत्र्याला अर्धी, मांजराला पाव.”

पहिली गोष्ट, कुत्र्या-मांजराचं नॉर्मल टेंपरेचरच साधारण १००.५ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, आपल्या हाताला ते गरम लागणारच, आणि नाक तर झोपून उठल्यावरही कोरडं असतं. म्हणजे निम्म्या वेळा ताप नसतोच. आणि मांजराला पॅरासिटामॉल म्हणजे सरळ विष, यात कमी-जास्त काही नाही. आपलं लिव्हर या औषधाला ग्लुकुरोनिक ॲसिड जोडून लघवीवाटे बाहेर काढतं, ते जोडणारं एन्झाइम मांजरात जवळजवळ नसतंच, मग उरलेल्या औषधाचा विषारी पदार्थ होतो आणि तो लाल पेशींवर तुटून पडतो, हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहायचं थांबवतं, रक्त चॉकलेटी होतं. ४ किलोच्या मांजराला ५०० ची पाव गोळी म्हणजे १२५ मिलिग्रॅम, किलोमागे ३१ च्या वर. किलोमागे १० मिलिग्रॅमलासुद्धा मांजरांना विषबाधा झालेली आहे.

मागच्या जूनमध्ये शेजारच्या चाळीतला एक मुलगा माझ्याकडून दोन गोळ्या घेऊन गेला. पॅरासिटामॉल दिवसातून पन्नास वेळा जातं, कोणासाठी हे मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तो आणि त्याची आई मांजर टॉवेलात गुंडाळून परळला जनावरांच्या बैलघोडा हॉस्पिटलला निघाले होते, तोंड आणि पुढचे पाय सुजलेले, हिरड्या तपकिरी, तोंड उघडं टाकून श्वास घेत होती. वाचली नाही. उतारा असतो हो यावर, ॲसिटिलसिस्टीन, तेच जे आम्ही कफासाठी विकतो, पण ते डॉक्टरने द्यायचं आणि पहिल्या काही तासांत द्यायचं, आणि इथे रात्र गेली होती. तेव्हापासून मी पॅरासिटामॉल देताना विचारतो, घरात कोणाला ताप आहे.

कुत्र्याचं लिव्हर हे औषध जरा जास्त झेपवतं, डॉक्टर कधी कधी देतातही, किलोमागे १०-१५ मिलिग्रॅमच्या आसपास. मेसेजवाला ‘अर्धी’ म्हणतो. ६५० ची अर्धी ५ किलोच्या पॉमेरेनियनला दिली तर किलोमागे ६५ होतात. म्हणजे वजन बघा म्हणणाऱ्यानेच वजन बघितलेलं नाही.

आणि पावसाळ्यात कुत्र्याला खरंच ताप असेल तर आणखी एक भीती आहे, लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा आजार. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने काय केलं ते विसरलो नसू. साचलेल्या पाण्यातून तो कुत्र्यालाही होतो, लिव्हर आणि किडनी दोन्ही धरतो, आणि आजारी कुत्र्याच्या लघवीतून घरातल्या माणसांना होऊ शकतो. अशा वेळी ताप दाबून घरी बसवणं म्हणजे कुत्र्याचे तर हाल, शिवाय लादी पुसणाऱ्यालाही धोका.

दुसरा मुद्दा: “लंगडत असेल तर कॉम्बिफ्लाम.”

त्या एका गोळीत ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन आणि ३२५ पॅरासिटामॉल असतं. मांजराचा विषय वर संपलाच. कुत्र्याचं सांगतो. वेदना करणारी जी प्रोस्टाग्लँडिन्स नावाची रसायनं आयब्युप्रोफेनसारखी औषधं बंद करतात, तीच पोटाचं अस्तर सांभाळतात आणि किडनीला रक्त पोचवतात. कुत्र्यात आयब्युप्रोफेन रेंगाळतं, अल्सर होतो, उलटीत रक्त, डांबरासारखी काळी शी, डोस मोठा असेल तर किडनी. कुत्र्यासाठी वेगळी वेदनाशामकं आहेत, मेलोक्सिकॅम वगैरे, पण कुत्र्याच्या डोसने तेच रोज मांजराला दिलं तर तिचीही किडनी जाते.

तिसरा: “गोचीड, लूत असेल तर गाईचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन १ मिली तोंडातून. कुत्र्याचे गोचीड मारायचे थेंब मांजरालाही चालतात.”

आयव्हरमेक्टिन फार मोलाचं औषध आहे, त्याच्या शोधासाठी २०१५ चं नोबेल मिळालं. किड्यांच्या नसांमधलं क्लोराइडचं दार ते उघडं ठेवतं, किडा लुळा पडतो. आपल्या आणि कुत्र्याच्या मेंदूत ते जात नाही, कारण तिथे एक प्रोटीन दारवानासारखं उभं असतं आणि औषध परत बाहेर ढकलतं. कॉली जातीच्या पुष्कळ कुत्र्यांत हा दारवानच खराब असतो, त्यांना छोटा डोसही मेंदूवर जातो. आणि गाईचं इंजेक्शन १ टक्क्याचं, म्हणजे १ मिलीत १० मिलिग्रॅम. रस्त्यावरचं २ किलोचं पिल्लू धरून त्याला १ मिली पाजलं तर किलोमागे ५ मिलिग्रॅम गेलं, तेवढ्यावर साध्या गावठी पिल्लालाही थरथर सुटते, बुबुळं मोठी होतात, दिसेनासं होतं, पुढे कोमा. याला नेमका असा उतारा नाही, सलाइनवर ठेवून वाट बघायची. मनापासून भटक्या कुत्र्यांचं करणारी माणसं हे पाजतात म्हणून मला याचं जास्त वाईट वाटतं.

थेंबांचं तर त्याहून सोपं. कुत्र्यांच्या कित्येक थेंबांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, मांजराला ते फोडता येत नाही, काही तासांत फिट्स. चुकून लागलंच तर भांड्यांच्या लिक्विडने कोमट पाण्यात धुवा, टॉवेलने कोरडं करा आणि तसंच उचलून डॉक्टरकडे.

चौथा: “अँटिबायोटिक २ दिवस दिलं की पुरे.”

गोचिडाच्या तापाला, एर्लिकियाला, डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस देतात. २ दिवसांत कुत्रा खायला लागतो आणि लोक थांबवतात, जंतू आत तसेच. तीच गोळी मांजराला कोरडी गिळवली तर अन्ननलिकेत चिकटते आणि तिथे भाजल्यासारखी जखम होऊन नळी आवळते, त्यामुळे गोळीमागून सिरिंजने ५-६ मिली पाणी पाजायचंच. एन्रोफ्लॉक्सासिन हे दुसरं अँटिबायोटिक जास्त झालं तर मांजर आंधळं होतं, आणि वाढत्या पिल्लांच्या सांध्यांतल्या कूर्चेला ते मारक आहे.

पाचवा: “खाज थांबत नसेल तर स्टेरॉइडची गोळी, जादू होते.”

होते खरी. म्हणूनच धोका. खाज लुतीची असेल तर प्रतिकारशक्ती दबून लूत आणखी पसरते. कुत्रा पाणी पितच राहतो, घरात मुततो, लोक त्याला मारतात, बिचाऱ्याची काय चूक. दोन-चार आठवडे दिल्यावर शरीर कॉर्टिसोल, म्हणजे स्वतःचं स्टेरॉइड, बनवायचं कमी करतं, मग एकदम बंद केलं की कोसळतो, हळूहळू उतरवावं लागतं. आणि मुद्दा दोनमधली गोळी सोबत दिली तर पोटाला भोक पडेपर्यंत जाऊ शकतं.

सहावा, आणि माझ्या मते सगळ्यात चुकीचा: “जनावरांना साइड इफेक्ट नसतात, माणसंच नाजूक.”

मलबार हिलला डुंगरवाडी आहे. पारशी लोकांचे मृतदेह तिथे गिधाडांच्या स्वाधीन करायची पिढ्यान् पिढ्यांची रीत, आणि आता तिथे सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रं बसवायची वेळ आली, कारण गिधाडंच राहिली नाहीत. गाईगुरांना डायक्लोफेनॅक टोचलं जायचं, जनावर मेलं की ते मांस गिधाडं खायची, आणि गुराला काहीही न करणारं ते औषध गिधाडाची किडनी बंद पाडायचं, आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर जमून काही दिवसांत मरायची. २००४ मध्ये हे कारण सिद्ध झालं, २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद केलं, तोपर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्याण्णव संपली होती. तरी माणसांची मोठी बाटली घेऊन गुरांना टोचणं चालूच राहिलं, म्हणून २०१५ पासून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन जास्तीत जास्त ३ मिलीच्या एका डोसातच येतं. मी दुकानात ती छोटी ॲम्प्यूल देतो तेव्हा दर वेळी मला ते आठवतं. मेसेज म्हणतो वजन बघा, मग मला सांगा, चारशे किलोच्या गाईला चालणारं औषध तिच्या मांसातून कणभर गेलं तरी गिधाड का मेलं?

मेसेजच्या शेवटी लिहिलंय की रिॲक्शन आली तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवा. नका करू. मिठाने रक्तातलं सोडियम चढतं आणि त्यानेच फिट्स येतात. काही चुकून पोटात गेलं असेल तर उरलेली स्ट्रिप, किती वाजता दिलं आणि जनावराचं अंदाजे वजन एवढं घेऊन निघा, रस्त्यातूनच डॉक्टरला फोन करा, आणि दिलेलं औषध लाजून लपवू नका, कोणी ओरडणार नाही.