मेबल नॉर्मंडला तिचं श्रेय द्या

'चॅप्लिनची सुरुवातीची नायिका' एवढ्या एका ओळीत मूकपटांच्या काळातली अभिनेत्री मेबल नॉर्मंड हिला उरकलेलं दिसलं की मला मनापासून राग येतो. ढगळ पँट, बोलर हॅट, हातात काठी... चॅप्लिनचा तो भटक्या कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा उभा राहिला 'मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकमेंट'च्या चित्रीकरणात. वर्ष १९१४. त्याच वेशातली दुसरी फिल्म दोन दिवस आधी लागली, ती गोष्ट वेगळी. पण ह्या फिल्मची नायिका मेबल आणि दिग्दर्शनही तिचंच. वय जेमतेम विशीच्या पुढे!

पुढे 'मेबल ॲट द व्हील'च्या वेळी दोघांचं वाजलं. पाण्याच्या नळीचा एक विनोद त्याला घालायचा होता, तिने नाही म्हटलं, आणि स्वारी काम थांबवून रस्त्याच्या कडेला बसली. हिला दिग्दर्शनातलं काय कळतं, असा त्याचा सूर. आत्मचरित्रात त्यानेच हे लिहिलंय. मी चॅप्लिनचा भक्त आहे, तरी इथे मी मेबलच्या बाजूने. त्याला सिनेमात येऊन काही महिनेच झाले होते. ती त्याच्या कितीतरी आधीपासून कॅमेऱ्यासमोर होती.

१९१६ मध्ये तिच्या नावाची स्वतंत्र कंपनी निघाली. तिचा 'मिकी' हा सिनेमा रखडत १९१८ मध्ये लागला आणि तुफान चालला. मग १९२२ चा फेब्रुवारी. दिग्दर्शक विल्यम डेस्मंड टेलरचा खून झाला आणि त्या संध्याकाळी त्याला भेटून गेलेली मेबल वर्तमानपत्रांच्या तावडीत सापडली. पोलिसांनी तिच्यावर कधीच आरोप ठेवला नाही, पण बदनामी व्हायची ती झालीच. दोन वर्षांनी तिच्या ड्रायव्हरने तिच्याच पिस्तुलाने एका माणसावर गोळी झाडली. गोळी त्याने झाडली, किंमत हिने मोजली. १९३० मध्ये क्षयाने गेली, अवघ्या ३७ व्या वर्षी.

आजही तिच्याबद्दल लिहिणारे निम्मी जागा त्या खुनालाच देतात. मला हे अजिबात पटत नाही. त्यापेक्षा 'द एक्स्ट्रा गर्ल' (१९२३) बघा, नेटवर सहज मिळतो. सिंहाचा वेश चढवलेला कुत्राच आपण नेतोय अशा समजुतीत ती खऱ्याखुऱ्या सिंहाला दोरीने ओढत स्टुडिओभर फिरते. लोक जीव मुठीत धरून पळतायत आणि ही मागे वळून बघतसुद्धा नाही! बघून झालं की कमेंटमध्ये सांगा, तिच्या चालण्यातला तो बिनधास्तपणा तुम्हाला कसा वाटला.