खुर्ची ही इंग्रजांची देणगी नव्हे

नागपुरातील व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: इंग्रज येईपर्यंत हिंदुस्थानात खुर्ची नव्हती, वेताने विणलेली बैठक ही साहेबाने आपल्या उन्हाळ्यावर काढलेली तोड, आणि परदेशी लिलावांत लाखांनी विकल्या जाणाऱ्या चंदीगडच्या खुर्च्या त्या शहराची आखणी करणाऱ्या ल कॉर्बुझिए या वास्तुविशारदाने घडवल्या. ही तिन्ही विधाने तपासून पाहिल्यास टिकत नाहीत.

चौथ्या शतकातील समुद्रगुप्ताच्या वीणावादक प्रकारच्या सुवर्णनाण्यावर राजा उंच पाठीच्या आसनावर बसून वीणा वाजवतो आहे, आणि नाण्याच्या मागच्या बाजूची लक्ष्मी चक्क विणलेल्या मोढ्यावर बसली आहे. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात स्तूपावर कोरलेला बुद्ध दोन्ही पाय खाली सोडून आसनस्थ आहे, वेरूळच्या १० क्रमांकाच्या लेण्यातही तीच बैठक दिसते, आणि मूर्तिशास्त्रात तिला प्रलंबपादासन असे स्वतंत्र नावही आहे. ही आसने राजांची आणि देवांची होती, सामान्य माणूस जमिनीवर किंवा पाटावर बसे, हा आक्षेप रास्त आहे. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन होऊन नागपूर त्याची राजधानी झाले; अशा शहरांतल्या सरकारी कचेऱ्या आणि शाळांमधूनच खुर्ची हळूहळू सर्वसामान्यांपर्यंत पोचली. मात्र एखाद्या वस्तूचा प्रसार करणे आणि ती प्रथम आणणे यांत फरक आहे. उत्तर हिंदुस्थानात साहेबासमोर खुर्चीवर बसण्याचा मान ‘कुर्सीनशीन’ म्हणून चक्क दाखला देऊन बहाल केला जाई. इंग्रजांच्या खात्यावर काही मांडायचेच असेल, तर तो दाखला खुशाल मांडावा.

वेताविषयीचा दावा तर सरळ उलटा आहे. युरोपात हा वेत उगवत नाही; तो आशियातून ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारामार्फत लंडनला गेला आणि १६६० नंतर तेथे वेताच्या खुर्च्यांची चाल पडली. या विणकामाचे गमक समजून घेण्यासाठी एखादी जुनी सरकारी खुर्ची उलटी करून पाहावी. चौकटीला कडेने ओळीने भोके पाडलेली असतात. भिजवून मऊ केलेली वेताची पट्टी आधी उभी, मग आडवी आणि शेवटी दोन्ही तिरक्या दिशांनी ओवली जाते, त्यामुळे मध्ये अष्टकोनी छिद्रांची जाळी तयार होते. वेत वाळताना आवळतो आणि बैठक ताठ होते. नागपूरच्या मे महिन्यात पाठीला घाम न येऊ देणारी ही जाळी कोणत्याही गादीपेक्षा सरस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे हे विणकाम अनेक दृष्टिहीन कारागीर निव्वळ बोटांच्या अंदाजाने करत आले आहेत.

देवघेवीचा आणखी एक दाखला मोठा गमतीचा आहे. अठराव्या शतकात होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने आपल्या स्ट्रॉबेरी हिल या घरासाठी काळ्या आबनुसाच्या कोरीव खुर्च्या जमवल्या. त्या ट्यूडर राजघराण्याच्या काळातील अस्सल इंग्रजी आहेत, अशी त्याची खात्री होती. प्रत्यक्षात त्या भारताच्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या कारागिरांच्या हातच्या होत्या.

राहिला चंदीगडचा मुद्दा. तेथील कचेऱ्यांसाठी केलेल्या सागवानी चौकटीच्या, वेताच्या पाठीच्या आणि उलट्या ‘व्ही’सारख्या पायांच्या खुर्च्यांचे आरेखन मुख्यतः पिएर जान्नरे यांच्या नावावर आहे. ते ल कॉर्बुझिएचे चुलतभाऊ. १९६५ पर्यंत ते चंदीगडमध्येच राहिले. यूली चौधरी यांच्यासारखे भारतीय वास्तुविशारदही त्या कामात होते, आणि रंधा-पटाशी चालली ती इथल्या सुतारांची. पुढे याच खुर्च्या भंगार म्हणून कवडीमोलाने निकाली निघाल्या आणि व्यापाऱ्यांनी त्या परदेशी पोचवल्या. केंद्रीय गृहमंत्रालयाने त्यांच्या विक्रीला आणि निर्यातीला मनाई करणारा आदेश काढला तो २०११ मध्ये, म्हणजे बराचसा माल बाहेर गेल्यावर. लिलावात मोठे नाव जोडले की भाव चढतो, हे लकडगंजातल्या लाकूड व्यापाऱ्यांना तरी समजावून सांगावे लागू नये.