घोड्याचे खूर स्वाराचा मृत्यू सांगत नाहीत

सध्या एक फोटो फिरतोय. मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला घोडा, वर पाठीला चिकटून बसलेला स्वार. खाली लिहिलंय, ‘दोन्ही पाय हवेत, म्हणजे हा वीर रणांगणात पडला.’ हे खरं नाही.

फोटोतलं ब्राँझ शिल्प फ्रेडरिक रेमिंग्टन या अमेरिकन शिल्पकाराचं ‘ब्राँको बस्टर’ आहे, 1895 सालचं. स्वार कुणी सेनानी नाही, नाव असलेला माणूसही नाही. रानटी घोडा वठणीवर आणणारा तो पश्चिमेकडचा एक काऊबॉय आहे. नीट बघा: एका हातात चाबूक, दुसऱ्या हाताची मूठ आयाळीत रुतलेली. घोडा उधळलाय तो त्याला पाडायला. लढाईचा इथे संबंधच नाही.

1900 पासून रेमिंग्टन साच्यातली मेणाची प्रत वितळवून तिच्या जागी ब्राँझ ओतणाऱ्या कारखान्याकडे वळला. या पद्धतीत ओतण्याआधी मेणाच्या प्रतीत हाताने फेरफार करता येतात, म्हणून एकाच शिल्पाच्या प्रतींत आयाळीसारखे बारकावे वेगळे दिसतात. मला तर हीच गोष्ट सगळ्यांत सुंदर वाटते, आणि फॉरवर्डमध्ये नेमकी तीच नसते.

खुरांचा हा तथाकथित नियम शिल्पकारांनी सरसकट पाळलेला नाही. वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाऊससमोर अँड्र्यू जॅक्सनचा 1853 सालचा पुतळा आहे. त्याच्याही घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत आहेत. जॅक्सन मात्र 1845 मध्ये स्वतःच्या घरी वारले.

शिवरायांच्या पुतळ्यांचे फोटो लावूनही हाच मजकूर आपल्याकडे फिरतो. कृपया तो पुढे पाठवू नका.